पांढऱ्या मावशीचे लाडू

सई, जवळ ये बघू. अगं हो, तू तिकडे ऑकलंडला हिल्सबरोत आणि मी इकडे पामर्स्टन नॉर्थला, मला का कळत नाही? वाचताना तरी जवळ बस. परवा व्हिडिओ कॉलवर मला ओट्यावर उभी करून तू भांडी घासत होतीस. मला सगळा वेळ तुझं छत दिसत होतं. आणि त्या छताकडे बघत मी काय ऐकलं? तर, "आजी, इथे आपलं असं कोणीच नाही गं." वा! मी काय रस्त्यावरची? तुझी रेखाआत्या काय शेजारीण? फोनवर रागावले की तू "बरं बरं आजी" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहायला बसले. शाळा अर्धीच सोडलेली बाई मी, वाण्याच्या पुड्या सोडवून कागद वाचत वाचत शिकले. शुद्धलेखन बघू नकोस.

इथे आले तेव्हा मीही तुझंच वाक्य म्हणत होते. तुझे आजोबा गेले आणि रेखा मला इकडे घेऊन आली. ती सकाळी हॉस्पिटलच्या फार्मसीत गेली की घरात मी आणि खिडकीबाहेर वारा. मग मला भागवत सर भेटले. त्यांच्यामुळे माझे इतके नातेवाईक झाले, की त्यातले सगळेच्या सगळे कधीचे वारलेले आहेत हे कळायला मला कित्येक महिने लागले.

भेटले ते कोपऱ्यावरच्या डेअरीत. डेअरी म्हटल्यावर मला वाटलं म्हशी असतील. तर ते निघालं दूध-पाव-वर्तमानपत्राचं दुकान. मी फ्रिजपुढे उभी. एका बाटलीचं झाकण निळं, एकाचं हिरवं, आणि विचारायचं कोणाला? तेवढ्यात मागून अस्सल वाईच्या घाटावरचं मराठी आलं, "निळ्या झाकणाचं घ्या. हिरवं म्हणजे दुधाची आठवण." वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, डोक्याला माकडटोपी, अंगात कोट, आणि पायात मोज्यांवर रबरी सपाता. इथे त्यांना जँडल म्हणतात. मोज्यांचा अंगठा त्यासाठी त्यांनी कात्रीने कापून घेतला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मला घरापर्यंत सोडताना ते बोलत होते. मी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाले, "मुलगा, सून, नात. बाकी गोतावळा मोठा आहे आमचा. पण अण्णा अकाली गेले हो. नाटकाला गेले आणि तिथेच..." मी हळहळले. "हार्ट का?" "नाही. गोळी." सई, मी दुधाची बाटली छातीशी धरून रस्त्यातच उभी राहिले. वाईसारख्या गावात नाटकाला गेलेल्या माणसावर गोळी कोण झाडतं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. आणि त्यांनी तरी मला कुठे सांगितलं की ते वाई नव्हे म्हणून?

मग रोज भेटी सुरू झाल्या. नदीकाठच्या वाटेवर आम्ही फिरायचो, समोर डोंगरावर पवनचक्क्या गरगरत असायच्या. ते मला 'ताई' म्हणायचे, मी त्यांना 'सर'. मी अण्णांच्या बायकोची चौकशी करायची. "वहिनींचे फार हाल झाले, ताई. मुलं गेली, नवरा गेला, डोक्यावर परिणाम झाला." एक पतंगवाले आजोबा होते, त्यांनी वादळात पतंग उडवला होता. एका आजोबांच्या कवळीत दुसऱ्याच कोणाचे तरी दात होते. "लोक उगाच म्हणतात लाकडाचे होते. हस्तिदंती होते, आणि काही माणसांचे!" हे सांगताना सर घराण्याची बदनामी झाल्यासारखे तापायचे. आणि एक मावशी होती. ती खोलीबाहेर पडत नसे, पांढरंच नेसत असे, आणि गल्लीतली मुलं आली की वरच्या खिडकीतून दोरीने टोपली सोडून त्यांना गोड पाव देत असे.

"पांढरंच? अगदी तरुणपणी गेले का हो यजमान?"

"छे, लग्नच केलं नाही. हौस."

माझा त्या मावशीत फार जीव गुंतला. दिवसभर खोलीत एकटी बसणं काय असतं ते मला ठाऊक होतं. मी बेसनाचे लाडू केले, डबा भरला, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि सरांच्या हाती दिला. "मावशींना पोचवा." सरांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "आनंद होईल तिला." आठवड्याने रिकामा डबा परत आला. मावशीला फार आवडले म्हणे. फक्त वेलदोडा जरा जास्त हवा होता.

दुसरा डबा भरत होते तेव्हा रेखाने विचारलं, "ही मावशी राहते कुठे?" मी सगळं सांगितलं. रेखाने दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये सरांच्या सुनेला गाठलं. अनघा तिथेच नर्स आहे. ती म्हणे हसता हसता भिंतीला टेकली. मावशी म्हणजे अमेरिकेतली एक मोठी कवयित्री. अण्णा म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष, ते गुलामगिरी मोडणारे. दातवाले आजोबा म्हणजे त्या देशाचे पहिलेच अध्यक्ष. आणि पतंगवाले म्हणजे तिथले थोर पुढारी, लेखक आणि शास्त्रज्ञ, तिन्ही एका अंगरख्यात. भागवत सर वाईच्या कॉलेजात जन्मभर अमेरिकेचा इतिहास आणि साहित्य शिकवत होते, आणि अमेरिकेत त्यांनी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

मी तशीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "सर, लाडू कोणी खाल्ले?"

सर अजिबात गडबडले नाहीत. "मावशी गोड कमीच खायची, ताई. म्हटलं, वाया जायला नकोत."

"आणि वेलदोडा?"

"तो मात्र खरंच जास्त हवा होता."

असा माणूस! त्यांच्यावर रागावता यायचं नाही. महाराष्ट्र मंडळाचं नाटक असलं की ते दाराजवळची शेवटची खुर्ची धरायचे. "आमच्या घराण्याला नाटक सोसत नाही," म्हणायचे, आणि पहिल्या अंकातच झोपायचे. काहीही सांगायला लागले की आधी बोट वर करून एक वाक्य: "हे परीक्षेला येणार नाही, म्हणून नीट ऐका." कॉलेजात त्यांचा विषय घ्यायला कोणी तयार नसे, त्यांच्या वर्गात जास्त करून पावसात अडकलेली मुलं असत. त्या मुलांना थांबवून धरायला हे वाक्य बसवलेलं होतं.

पण अध्यक्षांचे अण्णा आणि कवयित्रीची मावशी का झाली, हे त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं. त्यांची नात इरा. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. तुम्ही 'भूक लागली का' म्हणा, ती 'हीप्स' म्हणणार, म्हणजे पुष्कळ. सर इथे आले तेव्हा ती पाच वर्षांची होती. शाळेतल्या मैत्रिणींना घ्यायला आज मावशी, उद्या काका, परवा आजी. तिला घ्यायला आफ्टरस्कूलची व्हॅन. तिने एकदा आजोबांना विचारलं, "व्हेअर आर अवर पीपल?"

"काय सांगणार, ताई?" सर म्हणाले. "माझा एकच भाऊ, तोही बोलत नाही. म्हटलं, मी जन्मभर ज्यांच्यात राहिलो तीच माणसं देऊ हिला. पण अध्यक्ष म्हटलं तर पोर पळून जाईल. अण्णा म्हटलं तर मांडीवर बसेल."

आणि बसायची ती. एक दिवस त्यांनी तिला सांगितलं, की अण्णांना आधी दाढी नव्हती. एका लहान मुलीने त्यांना कळवलं, तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा, आणि अध्यक्ष होणाऱ्या माणसाने ते ऐकलं. इराने आजोबांकडे निरखून पाहिलं. "यू टू." झालं. सरांनी दाढी वाढवली. अण्णांना शोभली असेल. आमच्या सरांच्या हनुवटीवर मात्र कोणीतरी खोबरं किसून ठेवल्यासारखं दिसायचं. डेअरीवाला हसायचा, मी तर तोंडावर हसायचे. सर म्हणायचे, "हायकमांडचा हुकूम आहे."

आता पुढचं ऐक. इथे शाळेत मुलांना आपली ओळख उभं राहून सांगायला शिकवतात. माओरी लोकांची रीत आहे, पेपेहा म्हणतात. आधी आपला डोंगर सांगायचा, मग आपली नदी, मग आपली माणसं. फार छान रीत आहे; आपण नाव सांगून लगेच नोकरी सांगतो, हे लोक डोंगर सांगतात. इरा आठ वर्षांची असताना तिचा नंबर आला. तिने डोंगर सांगितला, नदी सांगितली, आणि माणसं सुरू केली. माझ्या अण्णांना नाटकाच्या थिएटरात गोळी घातली. त्यांच्या बायकोला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवलं होतं. माझी मावशी खोलीतून बाहेर येत नाही, टोपलीतून खायला देते. माझ्या एका आजोबांच्या तोंडात दुसऱ्यांचे दात आहेत, आणि दुसरे वादळात बाहेर जाऊन वीज पकडतात.

वर्गाची बाई बिचारी चांगली होती. तिने संध्याकाळी हळुवार आवाजात फोन केला, की तुमच्या कुटुंबावर इतकं काही कोसळलंय, आम्हाला माहीतच नव्हतं. इराला कोणाशी बोलायला मिळावं म्हणून आम्ही सोय करू का?

फोन घेतला सरांच्या मुलाने, नचिकेतने. तो पुलांचा इंजिनिअर. सगळं मोजून-मापून करणारा. त्याला ते हसण्यावारी नेता आलं नाही. मी तेव्हा कढीपत्ता मागायला गेले होते, स्वयंपाकघरात अडकले.

"बाबा, लोक काय समजतील? मुलगी खोटं बोलते असंच ना?"

"तिला खोटं वाटत नाही रे ते."

"तेच तर! तिला खरं काय ते कळायला हवं. हे सगळं आता बंद. अण्णा बंद, मावशी बंद. शाळेत पालकांचा दिवस आहे, तेव्हा ती नीट, खरं तेवढंच सांगेल. मी लिहून देतो."

सर "बरं" म्हणाले. एवढंच. मी कढीपत्ता न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी नदीवर आले तर दाढी नाही. सई, मी इतके दिवस त्या दाढीला हसत होते, पण त्या दिवशी तो उघडा चेहरा माझ्याने बघवेना. मी म्हटलं, "हायकमांड बदललं वाटतं." ते हसले नाहीत. चालता चालता म्हणाले, "ताई, तिच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नाही. काल संध्याकाळी ती येऊन बसली. मी विचारलं, शाळेत काय झालं? म्हणाली, 'नथिंग.' उठून गेली."

मी म्हटलं, मुलाशी बोला.

"पतंगवाल्या आजोबांनी पतंग उडवला तेव्हा मदतीला कोण होतं, माहीत आहे? मुलगा. पुढे त्याच मुलाशी असं फाटलं, की पुन्हा जुळलंच नाही. इतका हुशार माणूस, देशोदेशींचे तह जुळवले, पण घरात जमलं नाही. मला इथे मुलगाही हवाय आणि नातही. वाद घालून एक तरी जाईल." मग बोट वर गेलं, पण ते नेहमीचं वाक्य काही आलं नाही. बोट तसंच खाली आलं.

पालकांच्या दिवशी ते मला सोबतीला घेऊन गेले, रेखाही आली. एकटे गेले असते तर दारातून परतले असते. सगळ्यांनी घरून काहीतरी खायला आणलेलं. मी शंकरपाळे नेले होते, ते सगळ्यात आधी संपले, हे जाता जाता सांगते. मुलं एकेक करून उभी राहत होती. सर सवयीने दाराजवळच्या खुर्चीवर बसले. इरा उठली. हातात नचिकेतने टाइप करून दिलेला कागद. डोंगर वाचला. नदी वाचली. आई अनघा, बाबा नचिकेत, आजोबा भागवत. कागद संपला. एवढीशी ओळख! आधीच्या मुलाने नऊ मावश्या सांगितल्या होत्या.

बाई टाळ्या वाजवणार तेवढ्यात इराने कागदाची घडी केली. बोट वर केलं. आणि सगळ्या वर्गासमोर, खणखणीत, वाईच्या घाटावरच्या मराठीत म्हणाली,

"हे परीक्षेला येणार नाही, म्हणून नीट ऐका!"

त्या खोलीत ते आम्हा पाच जणांना कळलं. रेखाने माझा हात दाबला. पुढचं इरा इंग्रजीत बोलली. माझी माणसं खूप आहेत, ती माझ्या रक्ताची नाहीत, माझे आजोबा त्यांना ओळखतात, इथे माझं कोणी नव्हतं म्हणून त्यांनी ती मला उसनी दिली आहेत. आणि ती खाली बसली. कान लाल.

नचिकेत हातात कागदी प्लेट घेऊन भिंतीशी उभा होता. त्याचं काय चाललंय ते कळेना. तेवढ्यात ज्याच्या नऊ मावश्या होत्या त्या मुलाची आजी उठली. माओरी बाई, माझ्याच वयाची, माझ्याहून दुप्पट रुंद, केसांत फूल. ती थेट दाराजवळ सरांच्या खुर्चीपाशी गेली, "कियाओरा" म्हणजे नमस्कार म्हणाली, आणि अगदी आस्थेने विचारलं, की तुमची ती खोलीतून बाहेर न पडणारी मावशी, ती आता कशी आहे? कोणी जाऊन बसतं का तिच्याजवळ?

मी चमकून वर पाहिलं. कारण, सई, तो माझाच प्रश्न होता! आधीच्या पेपेहाबद्दल नातवाने घरी सांगितलं होतं म्हणे, आणि ती बाई तेव्हापासून त्या मावशीची काळजी करत होती.

सर उभे राहिले. माकडटोपी काढली. "ठीक आहे ती," ते इंग्रजीत म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवून, "या तिला लाडू पाठवतात."

आणि नचिकेत हसला. प्लेट हलायला लागली इतका हसला, आणि मग डोळे पुसले. शिकवणाऱ्या बाईही हसत होत्या, त्यांना काय कळलं देव जाणे.

घरी जाताना अनघा रेखाबरोबर गेली, आणि नचिकेतच्या गाडीत मी आणि इरा मागे होतो, सर पुढे. नचिकेतने कोपऱ्यावर गाडी वळवली. मग म्हणाला, "बाबा, मला कधी सांगितली नाहीत ही मावशी."

"तू परीक्षेबाहेरचं कधी ऐकलंस का?"

नचिकेतने सिग्नलला गाडी थांबवली. "आता सांगा."

सिग्नल हिरवा झाला, मागची गाडी वाट बघत राहिली, इथले लोक हॉर्नसुद्धा लाजत वाजवतात. सरांचं बोट वर गेलं. या वेळी वाक्य आलं.

दाढी पुन्हा उगवली. पुन्हा तशीच, किसलेल्या खोबऱ्यासारखी. मी पुन्हा हसायला लागले, माझी सोय झाली.

पुढे नचिकेतला ख्राइस्टचर्चला काम मिळालं. भूकंपानंतर तिथे पूल आणि इमारती बांधायला माणसं हवीच होती. निघायच्या दिवशी मी डबा दिला. सर म्हणाले, "मावशीसाठी?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी. मावशीचं नाव पुढे करायची आता गरज नाही." ते म्हणाले, "मग नको. तिच्या नावाचे जास्त गोड लागतात." तेव्हा मी फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि म्हटलं, "बरं, मावशींना पोचवा."

तिकडेच गेले ते, दोन वर्षं होतील. दुपारी खुर्चीत, ऊन पायावर घेऊन, इरा शेजारी अभ्यास करत असताना. ती म्हणते, तिला वाटलं डुलकी लागली. नाटक बघताना नव्हे, एवढं घराण्याच्या वर गेले म्हणायचं.

इरा आता इथेच आहे, माझ्याकडून सायकलने पाच मिनिटांवर. जनावरांची डॉक्टर होतेय विद्यापीठात. दर रविवारी येते. मराठी बोलते, पण काय बोलते! परवा मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, "होय आजी, तथापि पुन्हा जेवू शकेन." इतिहासाच्या प्रोफेसराकडून शिकलेली भाषा, तिला 'तथापि' येतं आणि 'वाढ ना' येत नाही.

गेल्या रविवारी ती मैत्रिणीला घेऊन आली. ती मुलगीही कुठून तरी लांबून आलेली, तुझ्यासारखीच तोंड पाडून बसली होती. इरा तिला आपली माणसं सांगत होती. अण्णा झाले, दातवाले झाले, पतंगवाले झाले, मावशी झाली, माकडटोपीवाले आजोबा झाले. मी आत पोळ्या लाटत ऐकत होते. आणि मग म्हणाली, आमची एक लाडूवाली आजी आहे. ती इतकी वेडी होती, की सव्वाशे वर्षांपूर्वी वारलेल्या बाईला तिने डबा पाठवला, आणि तो पोचला.

पोळी करपली माझी.

तर आता तुझ्यापाशी विषय. म्हणे कोणी नाही! मोज बघू. कवळीवाल्यांपासून धर. आणि त्या इराला मी सांगून ठेवलंय, माझी नात येईल, तुला 'वाढ ना' म्हणायला शिकवेल आणि 'तथापि' शिकून जाईल. परसातली फिजोआची फळं धपाधप पडायला लागलीत, रेखा खाऊन कंटाळली, मी वेचून कंटाळले. लाडूही केलेत, वेलदोडा जास्त घालून. ते पांढऱ्या मावशीचे आहेत, पण तिला पोचवायचे कसे ते तुला आता माहीत झालंय. या शनिवारीच ये. बसमध्ये झोपू नकोस, आणि पायांत मोजे घालून ये, इथे वारा फार आहे.